वालीचा प्रश्न, रिओ ग्रांदेच्या काठावर

टेक्सासमध्ये रिओ ग्रांदे नदीच्या काठी रेडफर्ड नावाचं शंभरेक वस्तीचं खेडं आहे. पलीकडचा काठ मेक्सिकोचा. २० मे १९९७ च्या संध्याकाळी तिथला एक अठरा वर्षांचा शाळकरी मुलगा घरच्या शेळ्या घेऊन रानात गेला. शेळ्यांवर मोकाट कुत्री येतात म्हणून त्याच्याकडे एक जुनी .२२ ची बंदूक असे. त्याच रानात चार अमेरिकी मरीन सैनिक दबा धरून बसले होते. अंगावर झाडपाल्यात मिसळून जाणारा चिंध्यांचा पोशाख, चेहऱ्याला रंग फासलेला, हातात एम-१६ रायफली. नदी ओलांडून येणाऱ्या अमली पदार्थांच्या तस्करांवर नजर ठेवायची आणि दिसेल ते सीमा गस्ती पोलिसांना वायरलेसवरून कळवायचं, एवढंच त्यांचं काम. ते तिथे आहेत याचा गावात कुणाला पत्ता नव्हता. मुलाने एक-दोन गोळ्या झाडल्या. कशावर झाडल्या हे कधीच नक्की ठरलं नाही. सैनिकांचं म्हणणं, आमच्यावर. वीसेक मिनिटं ते झुडपांच्या आडून त्याच्या मागावर राहिले आणि मग बावीस वर्षांच्या एका कॉर्पोरलने दोनशेएक मीटरवरून एकच गोळी झाडली. मुलगा गेला. तस्करीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ग्रँड ज्युरीने कॉर्पोरलवर आरोप ठेवायला नकार दिला, सरकारने कुटुंबाला सुमारे १९ लाख डॉलर देऊन दावा मिटवला आणि संरक्षण खात्याने सीमेवरची सशस्त्र पायदळ गस्त थांबवली. गंमत अशी, की त्याच वर्षी प्रतिनिधिगृहाने सीमेवर दहा हजारांपर्यंत सैनिक पाठवण्याची मुभा देणारा प्रस्ताव मंजूर केला. सिनेटने तो पुढे जाऊ दिला नाही.

एका तरुण सैनिकाचा अंदाज चुकला, असं म्हणून ही फाइल बंद करता येते, आणि ती तशी झालीही. माझ्या मते त्या संध्याकाळच्या प्रकाराला सर्वांत कमी जबाबदार कुणी असेल तर तो कॉर्पोरल. त्याला जिथे नेऊन बसवलं होतं ती जागाच अशी होती की तिथून वेगळं काही होणं नशिबावर होतं. अमेरिकेत १८७८ पासून पॉसी कॉमिटेटस नावाचा कायदा आहे. देशांतर्गत पोलिसांचं काम सैन्याने करू नये, हा त्याचा गाभा. १९८१ मध्ये संसदेने तो सैल केला आणि पोलिसांना माहिती, उपकरणं, प्रशिक्षण पुरवण्याची वाट सैन्याला मोकळी केली. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी अमली पदार्थांची तस्करी हा राष्ट्रीय सुरक्षेला धोका असल्याचं अधिकृत निर्देशातून जाहीर केलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये एल पासोजवळच्या फोर्ट ब्लिस तळावर जॉइंट टास्क फोर्स सिक्स उभं राहिलं; रेडफर्डचे मरीन त्याच्याच मोहिमेवर होते. या सगळ्यावर सर्वांत नाराज होतं ते खुद्द संरक्षण खातं. लष्करी खर्च वाढवण्यात कधी हात आखडता न घेणारे रेगन यांचे संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर या कामाला विरोध करत राहिले. सैनिकाला काय शिकवलेलं असतं आणि काय शिकवलेलं नसतं, हे ज्यांना ठाऊक होतं ते बिचकत होते. ज्यांना निवडणुका लढवायच्या होत्या ते उत्साहात होते.

शस्त्रधारी माणूस दुसऱ्यावर शस्त्र उचलतो तेव्हा तो तीनपैकी एका नात्याने उचलतो: योद्धा म्हणून, दंड देणारा म्हणून किंवा शिकारी म्हणून. या तिन्ही नात्यांची एकत्र आणि सर्वांत अस्वस्थ करणारी मांडणी मला वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडात दिसते. सुग्रीवाशी लढत असलेल्या वालीला रामाचा बाण आडून लागतो आणि मरता मरता वाली रामाला जाब विचारतो. मी दुसऱ्याशी लढत होतो, तुझ्याशी माझं वैर नव्हतं, तुझ्या राज्यात मी काही आगळीक केली नव्हती. मग समोर न येता का मारलंस? शिकार म्हणावी तर माझं कातडं कुणी पांघरत नाही आणि माझं मांस तुमच्यात चालत नाही. सीता हवी होती तर मला सांगायचं होतंस, एका दिवसात आणून दिली असती. त्यावर रामाचं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात आधार बदलत जातो. आधी तो म्हणतो, ही सगळी भूमी इक्ष्वाकूंची, भरताच्या आज्ञेने आम्ही अधर्माला शासन करतो, धाकट्या भावाची बायको तू ठेवलीस, त्याला देहदंडच आहे. हा झाला दंड. मग सुग्रीवाला दिलेल्या शब्दाचा, म्हणजे मित्राच्या युद्धाचा आधार येतो. आणि अखेर तो म्हणतो, माणसं जाळी लावून, फासे टाकून, लपून किंवा उघडपणे पशू मारतातच, राजे मृगयेला जातातच. तू वानर आहेस.

श्रद्धाळू वाचक इथे अडवतील: वालीला हे उत्तर पटतं, तो क्षमा मागतो, मग आपण कोण विचारणार? वालीला ते पटतं हे खरं आहे, आणि रामाचा न्यायनिवाडा करणं हा या लेखाचा हेतूही नाही. पण ज्या परंपरेने रामाला देव मानलं तिनेच वालीच्या तोंडी हा आरोप कुठेही काटछाट न करता ठेवला, हेही खरं. लोकपरंपरेला तर तेवढ्याने समाधान झालं नाही. वाली पुढच्या जन्मी जरा नावाचा पारधी झाला आणि त्याने झाडाखाली टेकलेल्या कृष्णाला हरीण समजून बाण मारला, असं आपल्याकडे कीर्तनांतून सांगितलं जातं. हिशेब कसा फिटला ते पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या खेपेला तिथे वैर नव्हतं, शिक्षा नव्हती. होती ती लांबून, आडून, समोर काय आहे हे न ओळखता झालेली शिकार.

तिन्ही नात्यांचे नियम वेगळे आहेत. युद्धात समोरच्याने काही गुन्हा केला आहे का हे विचारायचं नसतं. तो शत्रूचा सैनिक आहे एवढं पुरतं. त्या बदल्यात त्याला काही मिळतं. तो आपल्यासारखाच शस्त्रधारी आहे, त्याची निशाणी उघड आहे, त्याने शस्त्र टाकलं की मारणं थांबतं आणि युद्ध संपलं की त्याला परत पाठवायचं असतं. दंडात याच्या उलट. शस्त्र सर्वांत शेवटी, त्याआधी हाक, अटक, चौकशी, पुरावा, आणि दोष त्या एकाच माणसाचा. विचार करून वापरलेला दंड प्रजेला सुखात ठेवतो आणि अविचाराने वापरलेला सगळ्यांचा नाश करतो, असं मनुस्मृतीसारखा कठोर ग्रंथसुद्धा बजावतो. मृगयेत मात्र यातलं काहीच लागू नाही. सावजाला ना गुन्हा सिद्ध होण्याचा हक्क, ना शरण येण्याचा. सीमेवर अमली पदार्थ रोखण्यासाठी सैन्य उभं करण्यावर माझा आक्षेप नेमका इथे आहे. ती मोहीम युद्ध म्हणून पुकारली जाते आणि दंड म्हणून तिचं समर्थन होतं. प्रत्यक्ष रानात उतरल्यावर ती मृगया होते. याला सैनिक क्रूर असावा लागत नाही. सीमेवरच्या तस्कराला गणवेश नसतो, त्याची आघाडी नसते, आणि तो त्याच वाटेने चालतो ज्या वाटेने मजूर, गुराखी आणि शाळकरी पोरं चालतात. लपून बसलेल्या सैनिकाला दुर्बिणीतून दिसते ती फक्त एक हालचाल. युद्धाची शिकवण त्या हालचालीला शत्रू ठरवायला सांगते आणि दंडाची शिकवण त्याला दिलेलीच नसते. रेडफर्डनंतर मरीन दलाच्या स्वतःच्याच चौकशीने प्रशिक्षणातली ही उणीव मान्य केली होती.

इथे गीतेचा दाखला देणारेही भेटतात. क्षत्रियाने लढायचं असतं, त्याने फळाचा विचार का करावा? पण गीता सुरू कुठे होते ते पाहावं. अर्जुनाची पहिली मागणी अशी आहे की रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने, मला कुणाशी लढायचं आहे ते मला बघू दे. कृष्ण पुढे त्याच्या विषादावर गीतेच्या अखेरपर्यंत बोलतो, पण बघण्याची ही मागणी तो धुडकावत नाही. रथ मध्ये नेऊन उभा करतो. समोर कोण आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावरचा तो उपदेश आहे. ज्याला समोरचा माणूस दिसूच नये अशा जागी आपण बसवतो, त्या सैनिकाला तोच उपदेश ऐकवणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या स्वधर्मावर ढकलणं आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे. अमेरिकेत २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने लाखाहून अधिक माणसं मेली, त्यांतली बहुतेक फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडने. फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र. व्हिएतनामच्या अख्ख्या युद्धात अमेरिकेचे मेले त्यापेक्षा ही एका वर्षाची संख्या मोठी आहे. प्रजेवर असं मरण येत असताना राजाने वाली-सुग्रीवाच्या कथा काढत बसायचं का? रक्षण हा राजधर्माचा पहिला अर्थ नाही का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. ज्या ख्रिस्ती परंपरेत अमेरिका आणि मेक्सिको दोघांचीही नैतिक भाषा घडली तिने याच प्रश्नावर शतकानुशतकं विचार केला आहे. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात न्याय्य युद्धाला तीन अटी घातल्या: युद्ध पुकारणारी सत्ता योग्य हवी, ज्याच्यावर हल्ला करायचा त्याचा तसा अपराध हवा, आणि हेतू शुद्ध हवा. पुढच्या विचारवंतांनी त्यात आणखी भर घातली: इतर सगळे उपाय थकलेले असावेत, यशाची वाजवी आशा असावी आणि लढणाऱ्यात व न लढणाऱ्यात फरक करता यावा. म्हणजे कारण कितीही न्याय्य असलं, तरी तेवढ्याने शस्त्र उचलण्याचा अधिकार पुरा होत नाही. लाख मृत्यू हे कारण झालं. बाकीच्या अटींचं काय?

यशाच्या आशेपासून सुरुवात करू, कारण तिथे पुरावा भरपूर आहे आणि तो जुना आहे. १९८८ मध्ये रँड या संशोधन संस्थेने संरक्षण खात्याच्याच सांगण्यावरून एक अभ्यास केला: सीमा बंद करण्यात सैन्याचा सहभाग वाढवला तर काय होईल? उत्तर होतं, कोकेनच्या खपावर फारसा परिणाम होणार नाही. कारण साधं बाजाराचं आहे. सीमेवर पोचलेल्या मालाची किंमत रस्त्यावरच्या विक्रीच्या किमतीचा अगदी लहान हिस्सा असते. भरपूर माल पकडला तरी व्यापाऱ्याला तो पुन्हा भरून काढणं स्वस्त पडतं. १९९४ मध्ये रँडनेच आकडे मांडले. देशातला कोकेनचा खप १ टक्क्याने कमी करायला उगमाच्या देशांत कारवाई करून सुमारे ७८.३ कोटी डॉलर लागतील, वाटेत माल पकडून ३६.६ कोटी, देशातल्या पोलिसी कारवाईने २४.६ कोटी, आणि व्यसनींवर उपचार करून ३.४ कोटी. हे गणित कोकेनचं आहे. फेंटानिलचं याहून वाईट असणार, कारण त्याला जागाच लागत नाही. ते रानातून पाठीवर आणावं लागत नाही. सान इसिद्रोसारख्या रीतसर नाक्यावरून, रोजच्या हजारो गाड्यांच्या रांगेत, दाराच्या पत्र्यामागे किंवा इंधनाच्या टाकीत ते येतं. पकडल्या जाणाऱ्या फेंटानिलचा फार मोठा भाग अशाच नाक्यांवर आणि महामार्गावरच्या तपासणी चौक्यांवर सापडतो. २०२१ च्या आर्थिक वर्षात फेंटानिलच्या तस्करीबद्दल अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के अमेरिकेचेच नागरिक होते. त्या रांगेत कामी येतो तो क्ष-किरण यंत्र वाचणारा कस्टमचा कारकून आणि त्याचा कुत्रा. दोन नाक्यांच्या मधल्या वाळवंटात उभा असलेला सैनिक तिथून कैक मैल लांब असतो. आपल्याकडेही २०२१ च्या सप्टेंबरात मुंद्रा बंदरात टाल्क पावडर म्हणून उतरवलेल्या कंटेनरांत जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं, तेव्हा ते शोधलं महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी, कागदपत्रांचा माग काढत.

शिवाय गळक्या नळाचा एक सांधा बुजवला की दुसरा पाझरतो. १९८२ मध्ये दक्षिण फ्लोरिडात उपाध्यक्ष बुश यांच्या देखरेखीखाली मोठं पथक उभं राहिलं, कॅरिबियनमधल्या समुद्री वाटेवर दाब वाढला आणि कोलंबियाचं कोकेन मेक्सिकोमार्गे येऊ लागलं. ज्या मेक्सिकन टोळ्यांविरुद्ध आज युद्धाची भाषा होते त्यांच्या भरभराटीत त्या यशाचा वाटा आहे. पुढे मेक्सिकोने स्वतःच सैन्य उतरवलं. डिसेंबर २००६ मध्ये अध्यक्षपद हाती येताच काल्देरोन यांनी मिचोआकान प्रांतात साडेसहा हजार जवान आणि संघीय पोलीस पाठवले. २००७ मध्ये देशात सुमारे ८,९०० खून झाले होते; २०११ मध्ये २७,००० च्या वर. हा सगळा दोष सैन्याचा, असं मी म्हणणार नाही. टोळ्यांची आपसातली भांडणं होतीच. पण म्होरक्या टिपला की टोळी संपते हा लष्करी हिशेब तिथे खोटा ठरला. टोळी फुटली, तुकड्या आपसात भिडल्या आणि मधल्या मध्ये गावं चिरडली गेली. २०२२ पर्यंत त्या देशातल्या बेपत्ता माणसांची अधिकृत नोंद एक लाखापुढे गेली होती.

यावर सांगितलं जातं की पोलीस विकले जातात, सैन्य शिस्तीचं असतं. आणि टोळ्यांकडे मशिनगन असताना शिट्टी-काठीवाला काय करणार? पहिल्या मुद्द्याला मेक्सिकोनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. १९९६ च्या अखेरीस अमली पदार्थविरोधी मोहिमेच्या प्रमुखपदी एका जनरलला आणलं, हेसुस गुतिएरेस रेबोयो. अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्याच्या सचोटीची तोंडभर स्तुती केली. फेब्रुवारी १९९७ मध्ये, म्हणजे रेडफर्डच्या तीन महिने आधी, त्याला अटक झाली. तो आमादो कारियो फुएंतेस या बड्या तस्करासाठी काम करत होता. झेटास ही सर्वांत निर्घृण म्हणून गाजलेली टोळी सुरू झाली ती मेक्सिकन सैन्याच्या विशेष दलातून पळालेल्या जवानांपासून. सैन्य स्वच्छ राहतं ते बराकीत असतं म्हणून. ज्या ठिकाणी पैसा वाहतो तिथे उभं केलं की त्याच्याही चपला भिजतात. दुसरा मुद्दा मात्र खरा आहे. टोळ्यांकडे खरोखर युद्धातली शस्त्रं आहेत. ती येतात कुठून? २०१४ ते २०१८ या काळात मेक्सिकोत जप्त होऊन माग काढण्यासाठी पाठवलेल्या बंदुकांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेल्या होत्या, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवलं आहे. मेक्सिकोने २०२१ मध्ये अमेरिकी बंदूक कंपन्यांवर दावा लावला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. अक्वायनसची शुद्ध हेतूची अट मला इथे सर्वांत जड वाटते. नदीतून उत्तरेकडे विष जातं आणि दक्षिणेकडे बंदुका. पहारेकऱ्याचं तोंड एकाच दिशेला असेल तर त्याला सीमेवर का उभं केलं, हा प्रश्न उरतोच. विष विकत घेणारा हात घरातला आहे हे कबूल करायला राज्यकर्त्यांना जड जातं. सैन्य सीमेवर उभं केलं की पाप पलीकडून येतंय असं चित्र तयार होतं, आणि ते चित्र मतदाराला पाहायला बरं वाटतं.

सैन्याने काहीच करायचं नाही का, असं कुणी विचारेल. आहे, करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याची एक चांगली रीत अमेरिकेच्याच समुद्रावर कित्येक वर्षं चालत आली आहे. तिथल्या नौदलाच्या जहाजांवर तटरक्षक दलाची छोटी पथकं असतात. तटरक्षकांना कायद्याने अटकेचे अधिकार आहेत. रडार नौदलाचं, इंजिन नौदलाचं, पण संशयित नौका थांबवायची वेळ आली की जहाजावर तटरक्षक दलाचा झेंडा चढतो आणि पुढची कारवाई त्या दलाच्या अधिकारात होते. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून उडणाऱ्या त्यांच्या हेलिकॉप्टर पथकाची पद्धत पाहा. आधी वायरलेसवर आणि खुणांनी थांबायला सांगायचं. नाही थांबली तर नौकेच्या पुढे पाण्यात इशाऱ्याच्या गोळ्या. तरीही नाही, तर नेमबाज मोठ्या बोअरच्या रायफलीने नौकेच्या मोटरवर गोळी झाडतो, माणसांवर नाही. मोटर बंद पडते, माणसं जिवंत हाती लागतात, आणि त्यांच्या तोंडून मागच्या माणसांची नावं मिळतात. शस्त्र तेच, निशाणा बदलला, आणि सगळी मोहीम मृगयेतून दंडात आली. आपल्या पंजाब सीमेवर २०२४ मध्ये सीमा सुरक्षा दलाने तीनशेच्या आसपास ड्रोन पकडले. हे दल संरक्षण खात्याचं नाही, गृह खात्याचं आहे. आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं ५० वं कलम सांगतं की संशयिताच्या अंगझडतीआधी, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती करवून घेण्याचा त्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये सांगितलं की हा हक्क त्याला बोलून दाखवला पाहिजे. ही अट अधिकाऱ्यांना काचते, खटले तिच्यावर पडतात, हे मला ठाऊक आहे. पण संशयिताला माणूस समजण्याची किंमत काही ना काही मोजावी लागणारच.

अखेरचा आक्षेप असा की ही सगळी रीत सावकाश आहे, तीत पुष्कळ तस्कर निसटतात आणि तोवर माणसं मरत राहतात. टोळ्यांना शत्रू जाहीर करून टाकावं आणि मोकळं व्हावं. २०२५ मध्ये अमेरिकेने तेच केलं. फेब्रुवारीत टोळ्यांना दहशतवादी संघटना ठरवलं. एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोत सीमेलगतची ६० फूट रुंद पट्टी, १९०७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी राखून ठेवलेली, लष्करी तळाचा भाग करून टाकली, म्हणजे तिथे पाऊल ठेवणारा आपोआप लष्करी हद्दीत घुसलेला ठरतो. २ सप्टेंबरपासून कॅरिबियन समुद्रात तस्करीच्या संशयावरून नौका हवेतून उडवायला सुरुवात झाली. पहिल्याच हल्ल्यात ११ माणसं मेली. त्यांच्यातले दोघे आधी वाचले होते आणि त्यांच्यावर पुन्हा हल्ला करण्यात आला, हे नंतर बाहेर आलं. डिसेंबरपर्यंत मृतांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली होती. अतिसेवनाचे मृत्यू २०२४ मध्येच सुमारे ८०,००० पर्यंत उतरले होते, हे यातलं काहीही सुरू होण्याआधीचं. सरकारने संसदेला कळवलं की देश या टोळ्यांशी सशस्त्र संघर्षात आहे. ठीक आहे, युद्ध म्हणू. मग युद्धाचे नियम लावून पाहू. ऑक्टोबरमध्ये अर्धी पाण्याखाली चालणारी एक नौका उडवली गेली आणि दोघं जण जिवंत हाती लागले, एक इक्वेडोरचा, एक कोलंबियाचा. ते शत्रूचे सैनिक असतील तर युद्धकैदी म्हणून ठेवायला हवे होते, म्हणजे युद्ध संपेपर्यंत. गुन्हेगार असतील तर न्यायालयापुढे उभे करायला हवे होते, आणि तटरक्षकांनी पकडलेल्या तस्करांवर अमेरिकी न्यायालयांत खटले चालत आले आहेत. यांतलं काहीही झालं नाही. न्यायालयात उभं केलं असतं तर पुरावा मागितला गेला असता, आणि कैदी म्हणून ठेवलं असतं तर हे युद्ध आहे का, हाच प्रश्न न्यायाधीशापुढे गेला असता. दोघांनाही त्यांच्या त्यांच्या देशात पाठवून दिलं. इक्वेडोरच्या सरकारी वकिलांनी आपल्या नागरिकाविरुद्ध गुन्ह्याचा पुरावा नाही असं सांगून त्याला सोडून दिलं.